गवताचा पक्ष आणि पोषणाची भाषा : मायकेल पोलन यांच्या ‘द ऑम्निव्होअर्स डिलेमा’ची चिकित्सा

प्रस्तावना

अन्नाविषयीचे लेखन दीर्घकाळ पाककृती, प्रवासवर्णन आणि आरोग्यविषयक सल्ला अशा स्वतंत्र दालनांत विभागलेले होते. या दालनांच्या भिंती ओलांडून शेती, अर्थकारण, पर्यावरण आणि नीती यांचा एकत्रित विचार करणारे जे वैचारिक गद्य एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत पुढे आले, त्यात मायकेल पोलन यांच्या ‘द ऑम्निव्होअर्स डिलेमा’ (२००६) या ग्रंथाचे स्थान अग्रभागी आहे. मक्याच्या खुराकावर लठ्ठ केलेली गुरे आणि कुरणात चरून वाढलेली गुरे हा भेद सर्वसामान्य वाचकाच्या बोलण्यात रुजवण्याचे मोठे श्रेय या ग्रंथाला द्यावे लागते. गवतावर पोसलेल्या गुराचे मांस खाणाऱ्याच्या प्रकृतीला अधिक हितकर असते, ही समजूतही याच ग्रंथाच्या आधारे दूरवर पोहोचली.

या ग्रंथाची चर्चा बहुधा दोन टोकांवरून झाली. त्याच्या चाहत्यांनी तो सदसद्विवेकाचा ग्रंथ मानला, तर टीकाकारांनी तो सुखवस्तू वर्गाचे खाद्यचिंतन ठरवला. या दोन्ही भूमिकांत एक प्रश्न बाजूला पडला. गवताचा पक्ष मांडताना पोलन पोषणशास्त्राची जी भाषा वापरतात, ती त्या पक्षाला बळ देते की दुर्बल करते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने ग्रंथाची रचना, त्यातील वर्णनपद्धती आणि पोषणविषयक युक्तिवाद यांची तपासणी केली आहे. गवताच्या बाजूने पोलन यांनी मांडलेला जैविक व नैतिक युक्तिवाद भक्कम आहे. परंतु त्याला पोषणमूल्यांच्या आकड्यांचा जो टेकू त्यांनी दिला, तो तेवढा भार पेलू शकत नाही, असे या तपासणीतून दिसून येते.

ग्रंथाची रचना आणि गवताचे स्थान

‘चार जेवणांचा निसर्गेतिहास’ अशा आशयाचे उपशीर्षक या ग्रंथाला आहे. मका, गवत आणि अरण्य अशा तीन भागांत त्याची मांडणी केलेली असून प्रत्येक अन्नसाखळीचा मागोवा मातीपासून ताटापर्यंत घेतलेला आहे. पहिल्या भागाची अखेर धावत्या मोटारीत खाल्लेल्या मॅकडॉनल्ड्सच्या जेवणाने होते. दुसऱ्या भागात दोन जेवणे आहेत. एक मोठ्या प्रमाणावरील सेंद्रिय उद्योगाचे आणि दुसरे व्हर्जिनिया राज्यातील शेननडोआ खोऱ्यातल्या पॉलिफेस या शेतावरचे. तिसऱ्या भागात लेखकाने स्वतः शिकार करून आणि रानातून वेचून आणलेल्या पदार्थांचे जेवण आहे.

या रचनेत गवताचा भाग मध्यभागी आहे आणि ग्रंथाचे नैतिक केंद्रही तेथेच आहे. मक्याच्या भागात जे बिघडलेले दिसते, ते गवताच्या भागात सावरलेले दिसते. पॉलिफेसचे चालक जोएल सॅलटिन स्वतःला गवताचा शेतकरी म्हणवतात. त्यांच्या शेतावर गुरे रोज नव्या कुरणात हलवली जातात. एकदा चरलेले गवत पुरते वाढण्यापूर्वी त्याला दुसरा घास लागू द्यायचा नाही, हे तेथील मुख्य सूत्र आहे. गुरांच्या मागून काही दिवसांनी कोंबड्यांचे फिरते खुराडे त्याच जागी आणले जाते. कोंबड्या शेणातील अळ्या वेचतात, शेण विसकटतात आणि जमिनीला खत देतात. एका प्राण्याचा मल दुसऱ्याचे अन्न ठरतो आणि बाहेरून आणाव्या लागणाऱ्या गोष्टी कमी होतात. हे चक्र पोलन यांनी स्वतः आठवडाभर शेतावर राबून पाहिले आणि अतिशय नेमकेपणाने शब्दबद्ध केले आहे.

मात्र या भागाच्या शेवटी येणारे जेवण विचारात घेण्याजोगे आहे. ज्या प्रकरणात गवतावरच्या अन्नाचे पोषणमूल्य सविस्तर मांडले जाते, त्या प्रकरणातील ताटात गुराचे मांस नाही. तेथे कोंबडी आहे, मक्याची कणसे आहेत आणि अंड्यांपासून केलेला गोड पदार्थ आहे. कोंबडी रवंथ करणारी नाही. ती कुरणात फिरली तरी तिच्या आहाराचा मोठा भाग धान्याचाच असतो. पॉलिफेसवर कोंबड्या उघड्यावर, लेखकाच्या डोळ्यांसमोर कापल्या जातात. गुरांना मात्र सरकारी नियमांमुळे बाहेरच्या कत्तलखान्यात पाठवावे लागते. त्यामुळे गवतावरच्या गुराची गोष्ट जेवणापर्यंत पोहोचतच नाही. गवतावरील गोमांसाविषयीचे दावे आणि प्रत्यक्ष अनुभवलेले जेवण यांत पडलेली ही फट रचनेच्या दृष्टीने लहान असली, तरी युक्तिवादाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. अनुभवाने जे सिद्ध होत नाही, ते सिद्ध करण्याचे काम येथे पोषणशास्त्राच्या संज्ञांकडे सोपवलेले आहे.

एका गोऱ्ह्याचे चरित्र

पहिल्या भागातील सर्वांत प्रभावी प्रकरण ५३४ क्रमांकाच्या गोऱ्ह्याचे आहे. त्याचे पूर्वरूप २००२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाले होते. साउथ डकोटातील कुरणात जन्मलेला हा गोऱ्हा पोलन विकत घेतात आणि कॅन्सस राज्यातील गार्डन सिटीजवळच्या फीडलॉटपर्यंत त्याचा माग काढतात. फीडलॉट म्हणजे हजारो जनावरे दाटीने कोंडून त्यांना खुराकावर लठ्ठ करण्याचे आवार. या आवारात ३७,००० गुरे होती. पूर्वी चार-पाच वर्षांनी कापण्याजोगे होणारे जनावर येथे १४ ते १६ महिन्यांत तयार होते, आणि हा वेग मक्याने शक्य केलेला असतो.

या प्रकरणाचे सामर्थ्य त्यातील जीवशास्त्रीय स्पष्टीकरणात आहे. गुराच्या कोटीपोटात असंख्य सूक्ष्मजीव असतात. माणसाला न पचणाऱ्या गवतातील तंतूंचे ते विघटन करतात आणि त्यातून गुराला ऊर्जा व प्रथिने मिळतात. पिष्टमय मका एकदम मोठ्या प्रमाणात दिला की कोटीपोटातील आम्लता वाढते. पोटफुगी, कोटीपोटाच्या अस्तराला इजा आणि तेथून यकृतात पोहोचणाऱ्या जिवाणूंमुळे होणारे गळू हे त्याचे परिणाम होत. ते आटोक्यात ठेवण्यासाठी खुराकात प्रतिजैविके मिसळली जातात. आजार, औषध आणि स्वस्त मांस यांची ही साखळी पोलन उलगडून दाखवतात, तेव्हा वाचकाला निष्कर्ष सांगावा लागत नाही. तो वर्णनातूनच निष्पन्न होतो.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर परिस्थितीत काही बदल झाले, त्यांची नोंद घेणे आवश्यक आहे. मानवी उपचारात महत्त्वाची असलेली प्रतिजैविके केवळ जनावराची वाढ वेगाने व्हावी म्हणून देण्याची मुभा अमेरिकेत २०१७ पासून राहिलेली नाही. तथापि, पशुवैद्याच्या देखरेखीखाली रोगनियंत्रणासाठी त्यांचा वापर करता येतो, तसेच मोनेन्सिनसारखी केवळ जनावरांसाठी वापरली जाणारी द्रव्ये खुराकात चालूच आहेत. म्हणजेच पोलन यांनी दाखवलेला मूळ पेच संपलेला नाही. जनावराच्या शरीरधर्माविरुद्ध जाणारा आहार आणि त्या आहाराला सावरणारे औषध, हे नाते कायम आहे. गवताच्या बाजूने देता येणारे सर्वांत सबळ कारण येथेच मिळते, आणि त्यासाठी खाणाऱ्याच्या रक्तातील मेदाचा उल्लेखही करावा लागत नाही.

पोषणमूल्यांचा युक्तिवाद

असे असूनही पोलन येथे थांबत नाहीत. गोमांसाशी जोडल्या जाणाऱ्या अनेक व्याधींचे मूळ गोमांसात नसून मक्यावर पोसलेल्या गोमांसात असावे, अशी शक्यता ते मांडतात. गवतावरील मांस, दूध आणि अंडी यांत बीटा-कॅरोटीन, ई जीवनसत्त्व, ओमेगा-३ मेदाम्ले आणि संयुग्मी लिनोलेइक आम्ल अधिक असते, याकडे ते लक्ष वेधतात. प्राणी कोणता यापेक्षा त्या प्राण्याने काय खाल्ले हे अधिक महत्त्वाचे असू शकते, हे त्यांच्या मांडणीचे सूत्र आहे.

या विधानांना आधार नाही असे म्हणता येणार नाही. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या चिको येथील सिंथिया डेली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘न्यूट्रिशन जर्नल’मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांचे सरासरी प्रमाण गवतावरील मांसात १.५३ आणि धान्यावरील मांसात ७.६५ असल्याचे दिसून आले. संयुग्मी लिनोलेइक आम्ल, अ जीवनसत्त्वाची पूर्वद्रव्ये आणि ई जीवनसत्त्व गवतावरील मांसात अधिक आढळले. अशा मांसातील चरबी पिवळसर दिसते, ती गवतातील कॅरोटीनमुळेच. शिवाय हे मांस सामान्यतः कमी चरबीचे असते. तेव्हा जनावराचा आहार मांसात उतरतो, हे पोलन यांचे मूलभूत प्रतिपादन खरे आहे.

प्रश्न उतरते की नाही हा नसून किती उतरते हा आहे, आणि त्याचे उत्तर ज्या कोटीपोटाचे पोलन यांनी एवढे समर्थ वर्णन केले त्याच्यातच आहे. हिरव्या पानांत अल्फा-लिनोलेनिक आम्ल हे ओमेगा-३ कुळातील मेदाम्ल विपुल असते, तर मक्यात ओमेगा-६ कुळातील लिनोलेइक आम्ल अधिक असते. परंतु कोटीपोटातील सूक्ष्मजीव असंपृक्त मेदाम्लांचे मोठ्या प्रमाणावर संपृक्त मेदाम्लांत रूपांतर करतात. गवतातील ओमेगा-३ चा बहुतांश भाग मांसापर्यंत पोहोचण्यापूर्वीच नाहीसा होतो आणि थोडासा अंश तेवढा निसटून पुढे जातो. संयुग्मी लिनोलेइक आम्लाची जडणघडणही याच अपूर्ण रूपांतराशी निगडित आहे. रवंथ करणाऱ्या प्राण्याचे पोट हे केवळ आहार पुढे नेणारी नळी नाही. ते आहार बदलून टाकणारी भट्टी आहे. प्राण्याने जे खाल्ले तेच खाणाऱ्याला मिळते, हे सूत्र कोंबडीच्या अंड्याला बरेचसे लागू पडते. गुराला मात्र ते फार मर्यादित अर्थाने लागू होते. पोलन यांनी कोटीपोटाचे कौतुक एका प्रकरणात केले आणि पोषणाचा हिशेब दुसऱ्या प्रकरणात मांडला. या दोहोंची सांगड मात्र घातली नाही.

संयुग्मी लिनोलेइक आम्लाविषयीही असाच संयम आवश्यक होता. विस्कॉन्सिन विद्यापीठातील मायकेल पॅरिझा यांच्या संशोधनगटाने १९८७ मध्ये तळलेल्या गोमांसाच्या खिम्यातून मिळवलेल्या या द्रव्याचे कर्करोगरोधी गुण प्रयोगशाळेतील उंदरांवर दाखवले, तेव्हापासून त्याविषयी मोठ्या अपेक्षा निर्माण झाल्या. परंतु प्राण्यांवरील प्रयोगांत दिलेली मात्रा आणि नेहमीच्या आहारातून माणसाला मिळणारी मात्रा यांत मोठे अंतर आहे. प्रयोगशाळेतील शक्यतेला ताटातील लाभ मानणे ही घाई ठरते.

माणसांवर प्रत्यक्ष काय परिणाम होतो, याचा शोध घेणारे अभ्यास मोजके आहेत. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी व्यक्तींना चार आठवडे गवतावरील जनावरांचे मांस देण्यात आले. त्यांच्या रक्तातील ओमेगा-३ मेदाम्लांत वाढ झाली. परंतु कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब यांत दोन गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. हा निष्कर्ष पोलन यांच्या बाजूचाही आहे आणि त्यांच्या दाव्याची मर्यादा दाखवणाराही. दुसरीकडे, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लाल मांसाचे ‘संभाव्यतः कर्ककारक’ म्हणून वर्गीकरण केले, ते गुराच्या खुराकानुसार वेगवेगळे केलेले नाही. मांसातील हीम-लोह किंवा अति उष्णतेवर भाजताना निर्माण होणारी द्रव्ये यांसारखी कारणे गवताने दूर होत नाहीत. त्याचप्रमाणे गोमांसाचे जे मोठे पोषणमूल्य आहे, म्हणजे उत्तम प्रथिने, बी-१२ जीवनसत्त्व, जस्त आणि सहज शोषले जाणारे लोह, ते दोन्ही प्रकारच्या मांसात आढळते.

गुणोत्तर आणि परिमाण

ग्रंथातील पोषणविषयक युक्तिवादाचा कळस सामन माशाशी केलेल्या तुलनेत आहे. सामन हा गोमांसापेक्षा प्रकृतीला चांगला, ही समजूत सामनने समुद्रातले खाद्य खाल्ले आणि गुराने धान्य खाल्ले असे गृहीत धरते. गूर गवतावर आणि सामन धान्यावर वाढला असेल, तर गोमांस खाणेच कदाचित अधिक हिताचे ठरेल, असे पोलन सुचवतात. पुराव्यादाखल ते ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांचे गुणोत्तर देतात. गवतावरील गोमांसात ते दोनास एक आणि मक्यावरील गोमांसात दहास एकपेक्षा अधिक असल्याचे ते नमूद करतात.

वाक्यरचनेच्या दृष्टीने हे विधान चमकदार आहे. रूढ समजूत उलटी करून दाखवण्याचे पोलन यांचे कौशल्य त्यात दिसते. परंतु गुणोत्तर म्हणजे परिमाण नव्हे. एका पदार्थात ओमेगा-६ चाळीस मिलिग्रॅम आणि ओमेगा-३ वीस मिलिग्रॅम असेल, तर गुणोत्तर दोनास एक येते. दुसऱ्यात हेच आकडे चार हजार आणि दोन हजार असतील, तरी गुणोत्तर तेच राहते. शरीराला मात्र या दोन पदार्थांतून सारखे काही मिळत नाही. गवतावरील गोमांसात ओमेगा-३ ची मात्रा मिलिग्रॅमच्या हिशेबात राहते, तर सामनमध्ये ती ग्रॅमच्या हिशेबात मोजली जाते. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की माशांच्या खाद्यात वनस्पतिजन्य घटक वाढल्यामुळे तेथील पाळीव सामनमधील दीर्घ साखळीच्या ओमेगा-३ ची मात्रा २००६ ते २०१५ या काळात जवळपास निम्म्यावर आली. पोलन यांची शंका त्या मर्यादेत खरी ठरली. परंतु निम्म्यावर येऊनही ती मात्रा जमिनीवरील सर्व पशुधनाच्या मांसापेक्षा अधिकच होती.

गुणोत्तर हा निकष स्वतःच कितपत ग्राह्य आहे, हाही प्रश्न आहे. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञ सल्लामसलतीच्या २०१० मधील अहवालाने ओमेगा-६ व ओमेगा-३ यांच्या विशिष्ट गुणोत्तराची शिफारस करण्यास आधार नसल्याचा निष्कर्ष काढला. त्याऐवजी प्रत्येक मेदाम्लाची पुरेशी मात्रा मिळण्यावर भर देण्यात आला. प्रौढांसाठी दीर्घ साखळीच्या ओमेगा-३ ची किमान मात्रा दिवसाला २५० मिलिग्रॅम सुचवली आहे. हा अहवाल पोलन यांच्या ग्रंथानंतरचा आहे, त्यामुळे तो विचारात न घेतल्याचा दोष त्यांना देता येत नाही. पण गुणोत्तर आणि परिमाण यांतील भेद २००६ मध्येही अज्ञात नव्हता. फीडलॉटमधील प्रत्येक शेराचा हिशेब मागणारा लेखक येथे मात्र एका आकड्यावर समाधान मानतो.

पोषणवादावरील टीका आणि अंतर्विरोध

या युक्तिवादाचे खरे समीक्षण पुढे पोलन यांच्याच लेखनात सापडते, ही या चर्चेतील सर्वांत उद्बोधक बाब आहे. ‘इन डिफेन्स ऑफ फूड’ (२००८) या पुढील ग्रंथात त्यांनी ऑस्ट्रेलियातील अभ्यासक ग्योर्गी स्क्रिनिस यांनी रूढ केलेली ‘पोषणवाद’ ही संकल्पना स्वीकारली. अन्नाचे मोल त्यातील पोषकद्रव्यांच्या बेरजेवर ठरवायचे, चांगली द्रव्ये आणि वाईट द्रव्ये अशी विभागणी करायची आणि खाणाऱ्याला तज्ज्ञांवर अवलंबून ठेवायचे, ही विचारसरणी म्हणजे पोषणवाद. तिच्यामुळे अन्न-उद्योगाला कोणत्याही पदार्थात एखादे द्रव्य मिसळून त्याला आरोग्यदायी म्हणून विकण्याची सोय होते, ही पोलन यांची टीका मर्मग्राही आहे.

हाच निकष आधीच्या ग्रंथाला लावला, तर गवताचा पक्षही पोषणवादाच्याच भाषेत मांडलेला दिसतो. बीटा-कॅरोटीन, ओमेगा-३ आणि संयुग्मी लिनोलेइक आम्ल ही त्या प्रकरणातील चांगली द्रव्ये होत. ओमेगा-६ हे वाईट द्रव्य होय. भाषा तीच असल्यामुळे तिचे परिणामही तेच होतात. गवताचे मोल ओमेगा-३ वर ठरवले, तर फीडलॉटमधील गुराच्या खुराकात जवस मिसळून तो आकडा सुधारता येईल. मग गुरे कोंडलेली राहतील, आवार तसेच राहील आणि वेष्टनावरचा मजकूर तेवढा बदलेल. जो युक्तिवाद प्रतिपक्षाला इतक्या सहजपणे आत्मसात करता येतो, तो पक्षाचा पाया होऊ शकत नाही.

वेष्टनावरील मजकुराचा पुढील इतिहास या शंकेला पुष्टी देतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने २००७ मध्ये ‘गवतावर पोसलेले’ या विपणन-दाव्यासाठी ऐच्छिक मानक जाहीर केले. दूध सुटल्यानंतर जनावराला आयुष्यभर गवत व चाराच मिळावा, धान्य देऊ नये आणि गवत वाढण्याच्या हंगामात त्याला कुरण उपलब्ध असावे, असे त्याचे स्वरूप होते. जानेवारी २०१६ मध्ये हे मानक मागे घेण्यात आले. शब्दाची लोकप्रियता वाढत असतानाच त्या शब्दाची सरकारी व्याख्या नाहीशी झाली. पोषणाच्या आश्वासनावर उभे राहिलेले नाव मागे उरले आणि ज्या कुरणामुळे ते नाव मिळाले ते कुरण मात्र पुन्हा दाव्याचा विषय बनले.

निवड कोणाची?

पोलन यांच्या ग्रंथातील पेच हा सर्व काही खाऊ शकणाऱ्याचा पेच आहे. काय खावे हा प्रश्न त्यालाच पडतो, ज्याच्यापुढे पर्याय असतात. ज्युली गुथमन यांनी २००७ मध्ये ‘गॅस्ट्रोनॉमिका’ या नियतकालिकातील लेखात पोलन आणि त्यांच्या परंपरेतील लेखकांच्या आत्मसंतुष्ट सुरावर बोट ठेवले होते. गोमांसाच्या संदर्भात या आक्षेपाला भौतिक बाजूही आहे. गवतावर जनावर तयार व्हायला अधिक काळ लागतो, त्याचे वजन कमी भरते आणि जमीन अधिक लागते. मॅथ्यू हायेक आणि रेचेल गॅरेट यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, अमेरिकेतील सर्व गोमांस गवतावर घ्यायचे ठरवले तर गुरांची संख्या ७.७ कोटींवरून १० कोटींपर्यंत वाढवावी लागेल, आणि अस्तित्वात असलेली कुरणे आजच्या पुरवठ्याच्या केवळ २७ टक्के गोमांस देऊ शकतील. म्हणजे गवताचा पक्ष प्रामाणिकपणे घ्यायचा, तर कमी मांस खाण्याचा पक्षही त्याबरोबर घ्यावा लागतो. प्रकृतीला हितकर म्हणून शिफारस केलेल्या पदार्थाबाबत हे सांगणे अवघड होते. जे चांगले ते अधिक खावे, हा पोषणाच्या भाषेचा स्वाभाविक कल असतो.

पर्यायाचा हा प्रश्न मराठी वाचकाला आणखी एका ग्रंथाकडे नेतो. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीचे चित्रण आहे. भूषण कोरगांवकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मांस वाळवून टिकवलेल्या चान्या हा त्या खाद्यसंस्कृतीचा महत्त्वाचा घटक आहे. गावातील गुरे कडब्यावर आणि माळावरच्या चराईवरच जगत. त्या अर्थाने ते मांस गवतावरचेच होते. पण तेथे तो गुण म्हणून नोंदवण्याची कोणाला गरज वाटली नाही. मांस कोणाला मिळते, कोणता भाग वाट्याला येतो, तो किती दिवस पुरवायचा आणि तो खाल्ल्याबद्दल समाज काय म्हणतो, हे तेथील प्रश्न होते. पोषणाचा विचार वाट्याच्या विचारापासून वेगळा करता येत नाही, हे त्या पुस्तकातून जाणवते. पोलन मातीपासून ताटापर्यंतची साखळी दाखवतात. ताट कोणाचे, हा प्रश्न त्यांच्या ग्रंथात पुरेशा गांभीर्याने येत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. गवतावर पोसलेल्या गुराच्या मांसात काही पोषकद्रव्यांचे प्रमाण अधिक असते, हे पोलन यांचे म्हणणे तथ्याला धरून आहे. परंतु त्या आधिक्याचे परिमाण अल्प आहे, त्याचे कारण कोटीपोटाच्या जीवशास्त्रातच आहे, आणि सामनशी केलेली तुलना गुणोत्तर व परिमाण यांतील भेद झाकते. ग्रंथाचे खरे बळ ५३४ क्रमांकाच्या गोऱ्ह्याच्या चरित्रात आणि पॉलिफेसच्या कुरणवर्णनात आहे. जनावराचा शरीरधर्म, औषधांचा वापर, मातीची सुपीकता आणि कत्तलीची पारदर्शकता हे मुद्दे कोणत्याही मेदाम्लाच्या आधाराविना उभे राहतात.

‘द ऑम्निव्होअर्स डिलेमा’ने वाचकाला ताटातील घासाचा इतिहास विचारायला शिकवले, हे त्याचे योगदान कमी लेखता येणार नाही. म्हणूनच त्यातील आकड्यांकडेही तेवढ्याच चिकित्सेने पाहणे हे त्या शिकवणीशी प्रामाणिक राहणे होय. विविध विद्याशाखांना स्पर्श करणारे असे ग्रंथ महाविद्यालयीन अध्यापनात वापरले जातात, तेव्हा साहित्याच्या अध्यापकाने त्यातील शैली पाहावी आणि विज्ञानाच्या अध्यापकाने त्यातील आकडे पाहावेत, ही विभागणी अपुरी पडते. या ग्रंथात शैलीच आकड्याला विश्वासार्हता मिळवून देते आणि आकडा शैलीला अधिकार देतो. कुरण राखायचे असेल तर ते गुरासाठी, मातीसाठी आणि तेथे राबणाऱ्या माणसासाठी राखावे लागेल. खाणाऱ्याला त्यातून लाभणारे चार मिलिग्रॅम हे त्याचे कारण ठरू शकत नाही.